कशावरून?

थोर कलाकृतीसमोर माणूस आपोआप निःशब्द होतो. निदान कलादालनाच्या दारावर तशी पाटी होती. तिसरी 'ब' त्या पाटीखालून आरडाओरडा करतच आत शिरली. पाटीत जोडाक्षरं फार होती.

दालनातल्या ताईने एकतीस मुलांना सगळ्यात मोठ्या चित्रासमोर फरशीवर बसवलं. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, मधे एक नाव आणि नावेत वल्हं धरून बसलेला म्हातारा. खाली पितळी पट्टी: 'एकाकी'.

ताईची सगळी पद्धत दोन प्रश्नांची. काय दिसतंय? आणि कुणी काही सांगितलं की, कशावरून? बाकी काही शिकवायचं नाही. याला शिकवणं म्हणतात का, अशी संचालकांना शंका होती आणि ती फेडून घ्यायला ते स्वतः मागे उभे होते. तास पसंत पडला तर दर गुरुवारी मुलं येणार. नाही पडला तर ताईने पुन्हा तळमजल्यावर बसून तिकिटं फाडायची.

"आणि फरशीवर कशाला?" ते ताईच्या कानाशी म्हणाले. "चित्र उभं राहून बघायचं असतं."

"आज एकदा बसू द्या, सर."

"बसू द्या. पण आवाज नको."

ताई मुलांकडे वळली. "हं. काय दिसतंय?"

"पाणी!" "नाव!" "आजोबा!" "आजोबा अनवाणी आहेत!"

"कशावरून?"

"अंगठा दिसतोय की!"

मग पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली, पुन्हा खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "आजोबांना तीन पाय आहेत."

वर्गात हशा फुटला. शेजारचा मुलगा तर हसता हसता आडवाच झाला, आणि आडव्यानेच ओरडला, "तीन नाही! चार! चार आहेत!"

ताईने डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे बघितलं. तिकिटांचा गठ्ठा तिला स्पष्ट दिसायला लागला.

संचालक पुढे आले. "बाळांनो, हा माणूस एकटा आहे. या अथांग विश्वात त्याचं कुणी म्हणजे कुणी नाही."

"कशावरून?" एकतीस मुलांनी विचारलं.

संचालकांनी या एका चित्रावर दोनशे बारा पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्याची तिसरी आवृत्ती चालू होती. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते चित्राजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून नावेच्या तळाशी निरखून बघू लागले. तिथे छतावरच्या दिव्याची चकाकी होती, नेहमीसारखी.

"इथे काही नाही."

"उभं राहून नाही दिसणार, आजोबा," वेण्यावाली म्हणाली. "खाली बसा ना."

आजोबा म्हटल्याचं त्यांना आवडलं नाही. पण ते बसले. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग दोन्ही गुडघ्यांचा आवाज.

चकाकी बाजूला सरकली. नावेच्या तळाशी कुणीतरी निजलेलं होतं. छातीपर्यंत पांघरूण, आणि दुसऱ्या टोकाला बाहेर आलेले दोन तळवे.

"मेलाय तो!" मागून एकजण खुशीत ओरडला.

"कशावरून?" हे आता ताईला विचारावं लागलं नाही, मुलंच एकमेकांच्या मागे लागली होती.

"मेला असता तर तोंडावरून पांघरलं असतं. तोंड उघडं आहे. घोरतोय तो."

"माझे बाबा रात्रपाळी करून आले की अस्सेच झोपतात!"

"म्हणजे आधी त्याने वल्हवलं," वेण्यावालीने निकाल दिला. "आता आजोबांचा नंबर आहे."

"नंबर," संचालक पुटपुटले. दोनशे बारा पानं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून उलटत गेली. आणि एकाएकी संचालक कोपरावर रेलले, मान वाकडी केली आणि तिसरी 'ब'ला लाजवेल अशा आवाजात ओरडले, "वल्हं! अरे, दुसरं वल्हं बघा! त्याच्या उशाशी! उशाशी आहे!"

"कुठे? कुठे?" एकतीस मुलं त्यांच्या अंगावर कोसळली.

कोपऱ्यातून पहारेकऱ्याने तोंडावर बोट ठेवलं. "साहेब, जरा हळू."

"अहो, हळू काय! इकडे या! नावेत दुसरा माणूस आहे!"

"झोपलेला ना?" पहारेकरी आपल्या बुटक्या स्टुलावरून न उठता म्हणाला. "मला इथून रोज दिसतो."

दालनात पहिल्यांदाच पाटीप्रमाणे शांतता झाली.

"किती दिवसांपासून?" संचालकांनी फरशीवरूनच विचारलं.

"एकोणीस वर्षं होतील. मला वाटलं, तुमच्या पुस्तकात असेल."

दर गुरुवारचा तास त्याच दुपारी मंजूर झाला. पितळी पट्टी भिंतीत पक्की बसवलेली असल्यामुळे तशीच राहिली. पहारेकऱ्याला पुढच्या आठवड्यात उंच खुर्ची देण्यात आली.