झेंडीकडचं टोक

"मावशी, पंख मोडलाय हो तिचा!" पहारेकरी धावलाच. गळ्यात काळी कंठी असलेली मूठभर पक्षीण एक पंख खडीवर फरफटवत, केविलवाणी ओरडत त्याच्यापुढे सरकत होती. तो दोन पावलं गेला की ती चार.

"थांब तिथेच!" मावशी मागून खेकसली. "मोडलाबिडला काही नाही. नाटकं आहेत मेलीची. अंड्यांच्या वाटेला कुणी गेलं की अशी गयावया करत त्याला भलतीकडेच नेते."

खरंच, आणखी दहा पावलांवर पक्षीण टुणकन उडाली आणि धक्क्यापलीकडे दिसेनाशी झाली. एवढ्याशा जिवाने आपल्याला मामा बनवलं याचं पहारेकऱ्याला हसू आलं.

"मग अंडी आहेत तरी कुठे?"

"तुला सांगू? म्हणजे तू साहेबाला सांगशील."

त्याचं हसू जागच्या जागी मावळलं. 

मावशीने तीस वर्षं बंदराच्या नियंत्रण कक्षात बसून जहाजांना वाट दाखवली होती. निवृत्त होताना तिला घड्याळ देत होते. ते नको, माझी दुर्बीण द्या, म्हणाली. तेव्हापासून सगळं बंदर तिला दुर्बीणमावशी म्हणायचं. उन्हाळा लागला की ती रोज जुन्या धक्क्यामागच्या या मैदानात यायची, कारण हे चिखले पक्षी इथेच उघड्या खडीत अंडी घालतात.

गेल्या वर्षी ट्रक उभे करायला अर्धं मैदान सपाट करायचं ठरलं. मावशीने भाबडेपणाने बंदराच्या साहेबाला घरटं दाखवलं. साहेबाने तिथे लाल झेंडी रोवली, एवढी जागा सोडू म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी रोलर नेमका झेंडीकडूनच सुरू झाला. चालकाला झेंडी दिसली नाही म्हणे. पहारेकऱ्याला मात्र आदल्या संध्याकाळीच सगळं ठाऊक होतं. त्याने ते पोटात ठेवलं आणि सकाळी मुकाट फाटक उघडलं. मावशी दिवसभर कुंपणाला धरून उभी होती. त्याला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वर्षभर वाटत राहिलं.

आता उरलेल्या अर्ध्या मैदानाची पाळी होती. तेवढ्यात साहेबाची जीप आलीच.

"काय मावशी, यंदा पण अंडी?" साहेब हसत उतरला. "दाखवा. झेंडी लावू. अंडी असतील तर जपा, असा वरूनच हुकूम आहे."

"दाखवते की," मावशी म्हणाली.

पहारेकरी बघतच राहिला. एवढं होऊन बाई पुन्हा त्याच खड्ड्यात पाय टाकायला निघाली होती. गुडघा धरून, कण्हत, दर वीस पावलांवर थांबत ती साहेबाला मैदानाच्या पार पश्चिम टोकाला घेऊन गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. साहेबाला दया आली असावी, त्याने आपला हात पुढे केला. तिने तोही धरला. पहारेकऱ्याला ते बघवेना.

टोकाला पोचल्यावर तिने दुर्बीण साहेबाच्या हातात दिली. "इथूनच बघा. पुढे जाऊ नका. त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडे. चार आहेत, ठिपक्यांची."

साहेबाने बराच वेळ बघितलं. "हो, हो! दिसली की! चार!"

मागोमाग आलेल्या पहारेकऱ्यानेही डोळे ताणून बघितलं. त्याला नुसते खडे दिसले. पण साहेबाला दिसतात म्हणजे असतील, असं त्याला वाटलं.

झेंडी लागली. जीपमध्ये चढताना साहेबाने त्याला जवळ बोलावलं. "उद्या सहाला फाटक उघड. रोलर झेंडीकडून सुरू होईल. अंडीच उरली नाहीत की काम अडायचं नाही. कळलं ना?"

"कळलं," पहारेकरी म्हणाला.

जीप वळणाआड गेली. तो दोन मिनिटं किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभा राहिला. घरी म्हातारी आई होती, बायको होती, नोकरीची सहा वर्षं उरली होती. मग त्याने जुडगा खिशात कोंबला आणि खडीतून ठेचकाळत मावशीकडे धावला.

"मावशी, तो फसवतोय तुम्हाला! उद्या सकाळी रोलर येतोय. झेंडीकडूनच! गेल्या वर्षी पण मला माहीत होतं. मी बोललो नाही. मी..." त्याने खिशातला जुडगा बाहेर काढला. "मी उद्या फाटक उघडत नाही. जाऊ दे नोकरी गेली तर."

मावशीने त्याच्याकडे नीट बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"उघड की. खुशाल उघड," ती म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला रोलरला किती दिवस लागतात?"

"चार."

"माझी अंडी परवा फुटतात. फुटली की पिल्लं त्याच दिवशी तुरुतुरु धक्क्याच्या दगडांत पळतात. मैदान घेऊ दे त्याला. पिल्लं नाही मिळायची."

तिने दुर्बीण गळ्यात अडकवली आणि पूर्वेकडच्या टोकाकडे निघाली. ताठ मानेने, भराभर, खडीवर टाचा वाजवत. पहारेकरी आ वासून बघत राहिला.

"मावशी!" तो ओरडला. "अहो, तुमचा पाय?"

तिने वळूनही बघितलं नाही.

"मोडलाबिडला काही नाही!"