खंडेनवमीचं निरांजन

सुंदरबाई शेठाणी पेटतं निरांजन घेऊन शेडच्या दारात आल्या, दार कोपराने ढकललं, आणि शेजारी उभ्या असलेल्या यशोदाबाईच्या नाकात तो आंबूस वास शिरला. तेजाबाचा. घशाला झोंबणारा.

खिडक्या! खिडक्या तिनेच लावल्या होत्या. सकाळी रांगोळी काढली तर वारा ती टिकू देईना. असाच वारा राहिला तर शेठाणी अक्कांचा दिवा मोटारीसमोर विझायचा, सणासुदीला अपशकुन नको, म्हणून या शहाणीने दोन्ही खिडक्या ओढून कड्या घातल्या, दारही लोटून घेतलं. घडीभराने काय होतंय, असं तिला वाटलं. ती घडी कधीच उलटून गेली होती.

आत विजेची मोटार उभी होती. मुंबईचा कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा रुपचंदशेठने ती त्याच्याकडून घेऊन धरणगावला आणली. ना धूर, ना आवाज! बघायला अख्खा गाव लोटला होता. शेठच्या कापसाच्या जिनातल्या डायनामोवरून तार ओढून तिच्या बाटऱ्या भरायच्या. उद्या दसऱ्याला शेठ तिच्यात बसून सोनं लुटायला जाणार, म्हणून भरणं रात्रीपासून चालूच होतं. बाटऱ्यांचं पाणी भाताच्या आधणासारखं बुडबुडत होतं.

मोटारीची सगळी देखभाल यशोदाबाईचा नवरा कौतिक करायचा. मघाशी, खिडक्या अजून उघड्या असताना, इंजिनघरातून बोलावणं आलं, तेव्हा जाता जाता तो नेहमीचंच बजावून गेला होता. "बाटरी भराना टाइमले वारा सोडस. त्याले जाय लागना का बठ्ठं उडी जाई. मधमा इस्तो नको. देवना दिवाबी नको."

बाटरीच्या वाऱ्याला जाळ लागला की सगळं उडेल, आत विस्तव नको की देवाचा दिवा नको, हे तो डाव्या भुवईवर बोट ठेवून सांगायचा. तिथे आता केस उगवत नव्हते. एकदा जवळ कुणीतरी विडी पेटवली, आणि बाटरीचं झाकण आढ्याला जाऊन आदळलं होतं. आणि तेव्हा तर दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या.

"नको अक्का! दिवा मधमा नको!" यशोदाबाई दारात आडवी झाली.

"पूजेला दिवा नको, तर काय केरसुणी ओवाळू? सर बाजूला."

"बाटरी वारा सोडी ऱ्हायनी, अक्का. पेटी जाई."

"वारा पेटतो होय गं? सणाच्या दिवशी असलं अभद्र बोलतेस, जीभ झडो तुझी!"

जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायचं तरी कसं? तेवढ्यात यशोदाबाईच्या काखेखालून शेठाणींची नात, चंपा, सुळकन आत शिरली आणि मोटारीत चढून बसली. नवं परकर-पोलकं, केसांत झेंडूचं फूल.

"आजी, आधी मला ओवाळ!"

"आले गं बाई," म्हणत शेठाणींनी उंबऱ्यावर पाय उचलला.

यशोदाबाईने झडप घालून निरांजनाची ज्योत मुठीत धरली. कढत तूप चर्रकन तळव्याला चिकटलं. वात चुरडली. तिने मूठ सोडली नाही.

तबक खाली पडलं, कुंकू उंबऱ्यावर सांडलं. शेठाणींचा चेहरा पांढराफटक झाला. घरात त्यांचा मुलगा, चंपाचा बाप, तापाने अंथरुणाला खिळलेला होता.

"माझ्या हातातला दिवा विझवलास?" त्यांचा आवाज फाटला. "अगं, पोरगा माझा तिकडे निपचित पडलाय आणि तू दिवा विझवलास?"

ओरडा ऐकून कौतिक धावत आला. आधी त्याला बायकोची मूठ दिसली, मग बंद खिडक्या दिसल्या. आत जाऊन त्याने चंपाला उचललं, आजीजवळ दिलं, खिडक्यांच्या कड्या काढल्या आणि इंजिनघराकडे तोंड करून डायनामो बंद करायला ओरडला.

"अक्का, जरा वारा खेळू द्या," तो म्हणाला. "मग करू पूजा."

"का? झालंय तरी काय असं?"

कौतिकने खाली पडलेलं तबक उचलून त्यांच्या हातात दिलं. खरं सांगितलं असतं, तर खिडक्या कुणी लावल्या तेही सांगावं लागलं असतं.

तेजाबाचा वास पुरता गेला, बाटऱ्यांचं बुडबुडणं थांबलं, तेव्हाच त्याने होकारार्थी मान हलवली. निरांजन पुन्हा पेटलं. शेठाणी आत गेल्या. यशोदाबाई बाहेर भिंतीला टेकून उभी राहून ज्योतीकडे बघत होती. उघड्या खिडक्यांतून वारा येत होता. ज्योत लवली, परत उभी राहिली, पुन्हा लवली. विझली मात्र नाही.

ओवाळून झालं. शेठाणी खोबऱ्याचा प्रसाद वाटत बाहेर आल्या. यशोदाबाईने हात पुढे केला.

"डावा काय करतेस? प्रसाद आहे तो. उजवा कर."

तिने उजवी मूठ पुढे आणली. बोटं उघडेनात. कौतिकने ती एकेक करून सोडवली. वात तळव्याच्या सोललेल्या कातडीत रुतून बसली होती.

शेठाणींनी मान फिरवली. "उगीच भाजून घेतलंस. झालं का काही? सांग बरं."

यशोदाबाईने शेडमध्ये पाहिलं. चंपा पुन्हा मोटारीत चढून बसली होती आणि पाय हलवत खोबरं चावत होती.

"नही, अक्का," ती म्हणाली. "काहीच नही जयं."