उजवी कूस

"यात एक चूक आहे," दादा तिला म्हणाला.

दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. साधा अनुस्वारही त्याच्या नजरेतून निसटत नसे. म्हणून तर ती आपलं मनोगत त्याच्यापासून लपवत होती. पण मेंदूविकारांवरील उपचारांच्या प्रशिक्षणासाठीचा अर्ज आजच पाठवायचा होता, सोबतचं मनोगत काही केल्या दिलेल्या शब्दमर्यादेत बसत नव्हतं, आणि ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात या शहाण्याने पेन्सिल घेऊन ते वाचूनही टाकलं होतं.

गेल्या वर्षीचं मनोगत खरं होतं, पण कोरडं. निवड झाली नाही. यंदा तिने लिहिलं, की बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा शिक्षण सांभाळून तिने त्यांचं सगळं केलं. केलं होतं दादाने. ती वसतिगृहात होती. परीक्षा होत्या हे खरं, पण परीक्षा संपल्यावरही ती आली नव्हती. त्या खोलीचा वास तिला सोसत नव्हता.

"कुठली चूक?" एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं.

"डावी कूस, उजवी कूस, आलटून पालटून, असं लिहिलंयस. पुस्तकात असेल तसं. बाबा डाव्या कुशीवर राहायचेच नाहीत. मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर पंचाईत होईल तुझी."

"दादा, मी..."

"अगं, शब्द मी कमी करून देतो, ते सोपंय. आधी हे शीक. झोप इथे."

तो थट्टा करत नव्हता. बाबांच्याच पलंगावर ती उताणी झोपली. दादाने तिचा पलीकडचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर ठेवला, दुसरा कमरेवर.

"ओढायचं नाही. सगळं अंग एकदम वळवायचं." सांगता सांगता त्याने तिला अलगद कुशीवर घेतलं आणि पाठीला उशी लावली.

"उजवीच का पण?"

"डावीकडे भिंत ना. त्यांना दार दिसायला हवं असायचं. तू आलीस तर लगेच दिसावीस म्हणून."

तिने डोळे गच्च मिटले. तिला आत्ता भिंतच हवी होती. दादाने तिच्या गुडघ्यांमध्ये दुसरी उशी सरकवली.

"दुखलं तर सांगायचं हं," तो सवयीने म्हणाला.