सहावा जोड

महाडच्या कॉलेजात पहिला संगणक आला आणि त्याच्या खोलीच्या दारावर नियमांची पाटी लागली. चपला बाहेर काढाव्यात, एका वेळी पाचच विद्यार्थी आत असावेत, आत हळू आवाजात बोलावे. नियम पाळून घ्यायचे काम शिपाई दत्तारामचे. तो बाहेर स्टुलावर बसून चपला मोजायचा.

आठवडाभर जोड सहा भरत होते आणि आत डोकी पाचच. सहावा जोड जुना, अंगठ्याला सुतळी बांधलेला.

"कुणाचा रे ह्यो?"

"आमचा नाय, दत्तारामभाऊ. तुमचाच असंल!" पोरं हसायची.

संध्याकाळी पोरं गेली तरी तो जोड तिथंच असे. दत्ताराम कुलूप लावून पाठ फिरवी, आणि वळून पाहतो तो जोड नाहीसा.

आज प्राचार्य तपासणीला येणार होते. नियम मोडलेला दिसला, तर दत्तारामची नोकरी कायम होणे राहिलेच. त्याने सहावा जोड मुकाट्याने आपल्या पिशवीत, डब्याखाली कोंबला.

प्राचार्यांनी पाच जोड मोजले, पाच डोकी मोजली. "शाब्बास, दत्ताराम! उद्या कायमचा कागद घेऊन जा."

पाचला पोरं आपापल्या चपला घालून गेली. दत्तारामने टेबलांखालीसुद्धा वाकून पाहिले. कुणी नव्हते. मग शीळ घालत त्याने कुलूप लावले.

तेवढ्यात बंद दाराआडून, पाटीवर लिहिल्याप्रमाणे अगदी हळू आवाजात, कुणीतरी विचारले,

"दत्तारामभाऊ, माझ्या चपला कुठं ठेवल्या ओ?"