सातवी नळी

सहाही नळ्यांमधल्या रक्तपेशी गोलच राहिल्या, तेव्हा रुपालीला आभाळ ठेंगणं झालं.

यवतमाळच्या एका कॉलेजात ती सिकलसेलवर औषध शोधत होती. प्राणवायू कमी केला की या आजारातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. जो अर्क त्यांना वाकू देणार नाही, तो कामाचा. या वेळी अर्क होते नऊ, आणि रक्त राळेगावच्या उर्वशीचं. आठवीतली पोर, अंगात रक्त आधीच कमी. म्हणून रुपालीनं अर्क तीन-तीनच्या ओळींत मांडले आणि प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीचं एकेक मिश्रण केलं. नऊ नळ्यांचं काम सहांत. एक आडवी आणि एक उभी ओळ लागू पडली, की दोन्हींत असलेला अर्क आपला. नुसत्या रक्तातल्या पेशी वाकतातच ना, हे पडताळणारी बिनऔषधाची सातवी नळी तिनं गाळलीच. असली काटकसर कुठल्या पुस्तकात बसत नाही, पण पोरीचे तेवढेच थेंब वाचले.

आधीच्या अर्कांची एकही नळी लागू पडली नव्हती. आता एकदम सहा? सातवी लावल्याशिवाय पेढे वाटू नका, असं तिचे मार्गदर्शक सेवादास सर म्हणाले. रुपालीनं थेट राळेगावची एसटी धरली.

उर्वशीची आई सत्यभामा तिथल्या दवाखान्यात मदतनीस होती. बाई धडधाकट, सुई टोचायला हात हलका. लेकीचं रक्त तीच काढायची आणि बर्फाच्या डब्यातून कंडक्टरच्या हाती पाठवायची. अलीकडे फोनवर मात्र कामापुरतंच बोलायची.

सत्यभामानं पाणी दिलं, चहा ठेवला. रुपाली सांगत सुटली. औषध बहुतेक सापडलंय, आता फक्त एकदाच, थोडंसं रक्त हवं. सत्यभामाचे डोळे भरून आले.

"ताई, उर्वशी शाळेतून कधी येते?"

सत्यभामानं गॅस बंद केला. आतून सुई आणि कापूस आणला, रुपालीसमोर बसली आणि स्वतःचीच बाही वर सारली.

"पोरगी तं पोळ्याच्या आधीच गेली, मॅडम. तुमचं काम थांबू नये म्हून मागच्या खेपेले मी माह्यंच पाठोलं. तिच्या अंगात रगत माह्यंच तं होतं."