मागचे दोन स्पीकर

“पुढचे राहू देत. मागचे दोन बदल,” पोस्टमास्तर म्हणाले.

फिटरने गाडीत डोकं घातलं. बावीस वर्षांची गाडी, पण आतून लख्ख. सकाळी तोच ती पोस्टमास्तरांच्या दारातून घेऊन आला होता, कारण त्यांची म्हणे कंबर धरली होती.

“पण काका, मागे बसणार कोण? काकू तर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या.”

“हो. तीन महिने.”

फिटर गालातल्या गालात हसला. काकू मागच्या सीटवरून गाडी कशी चालवतात, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. ब्रेक, गिअर, हॉर्न, सगळा कारभार त्यांच्या तोंडी. पोस्टमास्तरांच्या हाती नुसतं स्टिअरिंग.

“मग दणदणीत बेसच टाकतो. बावीस वर्षांची कसर काढा भरून.”

“धमधम नको. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे. आणि आजच हवं. पोस्ट आता गावाबाहेर गेलंय, तिकडे बस जात नाही. उद्यापासून मला एकट्याने जायचंय.”

मोकळीक मिळाल्यावर माणूस किती उतावीळ होतो, याची फिटरला गंमत वाटली आणि कामाला चेवही आला. त्याने जुना कॅसेट प्लेअर उपटला, नवा डेक बसवला, मागच्या काचेखालच्या फळीत स्पीकर घट्ट आवळले. पोस्टमास्तर स्टुलावर बसून दर पाच मिनिटांनी “झालं का रे?” विचारत होते. शेवटी मोबाईल डेकला जोडला गेला, तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की फिटरने आपल्या खर्चाने चहा मागवला.

“काका, पहिलं गाणं माझ्या पसंतीचं,” गाडीसमोर उभा राहून तो म्हणाला.

“नको. माझं मी भरून आणलंय.”

पोस्टमास्तर स्टिअरिंगमागे बसले. तळहात पँटला पुसले, मोबाईलवर बोट टेकवलं. मागून आवाज आला, अगदी स्वच्छ.

“घाबरू नका, मी मागेच आहे. दुकानातून निघताय ना? आधी आरसा बघा. बघितलात? आता क्लच सोडा. हळू, अहो, हळू म्हटलं ना. आणि त्या फिटरला म्हणावं, दात काय काढतोस, बाजूला हो.”