सरळ रेषेच्या आत

झाडाच्या बुंध्यावरून काढून आणलेले, खोडातली हालचाल टिपणारे अकरा सेन्सर टेबलावर होते. अकरांच्याही वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या. स्क्रीनवर त्यांच्या वर्षभराच्या अकरा रेषा होत्या, पट्टीने आखल्यासारख्या सरळ.

"मेलंय ते. दुपारी करवतवाले येतायत," बागेचे साहेब म्हणाले. "आता काय बघायचं राहिलंय?"

"आलेख आतपर्यंत उघडून बघता येईल असा केलाय, सर. लोकांची खात्री पटेल," सेन्सरच्या नोंदी ठेवणारी मुलगी म्हणाली.

"दाखव. क्लिक केल्यानं झाड काही उठून बसणार नाही."

तिने एका रेषेवर क्लिक केले. वर्षाचे महिने झाले, महिन्याचे दिवस, दिवसाचे तास. नोंद तासाला एकच होती. त्याच्या आत काही असायला नको होते. सवयीने तिने आणखी एकदा क्लिक केले. तास उघडला. आत एक बारीक लाट होती, आणि ती हलत होती.

लय ओळखीची वाटली, म्हणून तिने मनगटावर बोट ठेवले. लाट तिच्या नाडीबरोबर चालली होती.

"सर, जरा माउस धरता?"

त्यांनी धरला. लाट एकदम दाट झाली.

"जिना चढून आलात?"

"तुला कोणी सांगितलं?" म्हणत त्यांनी स्क्रीनकडे पाहिले आणि चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

रेषा सरळ झाली. माउसला आता कोणाचाच हात नव्हता. मग ती सावकाश फुगली, शिखरावर थांबली आणि तितक्याच सावकाश उतरली. पुन्हा फुगली. साहेबांनी फोन लावला आणि झोपलेल्या माणसाजवळ बोलावे तशा आवाजात करवतवाल्यांना येऊ नका म्हणून सांगितले.

तिने घड्याळ लावून मोजले. मिनिटाला तीन.